प्रकरण चौदावे : टोबीचं नाव

व्हर्ली येणार नाही असं सगळे धरून चालले होते. म्हणूनच की काय, ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती.

डेल्फिया झुलत्या पुलावरून नदी ओलांडून, रेल्वेच्या रुळांपलीकडे होऊन, डंपलिंगचं जड पातेलं पोटाशी धरून टेकडी चढली, तेव्हा धाकटी बहीण टोबीच्या कबरीपाशी गुडघ्यांवर बसलेली तिला दिसली. गवत काढून झालं होतं, पिवळी प्लास्टिकची फुलं रोवून झाली होती. आता ती नुसतीच बसली होती.

"लवकर आलीस," डेल्फिया म्हणाली.

"माझा मुलगा आहे इथे. मी कधी यायचं ते मी ठरवते."

डेल्फियाने पातेलं नेऊन झाडाखालच्या फळीवर ठेवलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, शाळेच्या स्वयंपाकघरातून एका हाकेत तीनशे पोरांना गप्प करणारी. पण गेला महिनाभर या बहिणीपुढे तिची जीभ टाळूला चिकटत होती. त्याला कारण होतं आणि ते तिचं तिलाच ठाऊक होतं.

मे महिन्यातल्या या रविवारी स्टिल्टनर घराण्यातली मंडळी असतील तिथून येतात, आपल्या माणसांच्या कबरी साफ करतात, गाणी म्हणतात आणि इथेच एकत्र जेवतात. राहायचं नदीच्या अलीकडे, केंटकीत, आणि पुरायचं पलीकडे, वेस्ट व्हर्जिनियात, हे पाच पिढ्या चालत आलेलं. अलीकडे जी काय सपाट जागा होती ती घरांना लागली, पलीकडची टेकडी मेलेल्यांना मिळाली. दोन राज्यांची हद्द नदीतून जाते हे सगळ्यांना माहीत होतं, पण आपल्या पाठीवर तीळ आहे हे माहीत असावं तसं. रोज उठून कोण बघतो?

ती हद्दच डेन्व्हरला नडली.

हा सगळ्यांत धाकटा भाऊ. नशेच्या गोळ्या विकल्या म्हणून साडेसात वर्षं आत काढून आला होता. सुटका झाली ती देखरेखीखाली: तीन वर्षं अधिकाऱ्याकडे हजेरी द्यायची, तुरुंग बघून आलेल्या माणसांत मिसळायचं नाही आणि लेखी परवानगीवाचून कोर्टाची हद्द ओलांडायची नाही. एप्रिलमध्ये ईसो काका गेला. इकडे कबर घरच्या पुरुषांनीच खणायची असते. पैसे मोजून खणून घेणं म्हणजे आपलं माणूस परक्याच्या हवाली करणं. डेन्व्हर कुदळ खांद्यावर टाकून पूल ओलांडून गेला. बरोबर काकाचा मुलगा लॉनी. तोही कधीकाळी दोन वर्षं आत जाऊन आलेला, पण बापाची कबर मुलाने खणू नये असं कोण म्हणेल? परवानगीचा विचार कुणाच्या मनाला शिवला नाही. डेन्व्हरच्याही नाही, आणि त्याला तर मार्चमध्ये पलीकडच्या चर्चला गेल्याबद्दल एकदा तंबी मिळालेली होती.

अधिकाऱ्याला कुणीतरी सांगितलं. सुटका रद्द झाली. असल्या चुकीला चार ते दहा महिने ही कोर्टाची रीत. जज्जने कायद्यात होती नव्हती तेवढी सगळी दिली, चोवीस महिने. आणि देताना टोबीचं नाव घेतलं. त्याला आज तेरा दिवस झाले होते. अपिलाची मुदत चौदा दिवसांची, पण उद्या सुटी, म्हणून मंगळवार.

अकरापर्यंत टेकडी माणसांनी भरली. म्हाताऱ्यांनी खालच्या पट्टीत गाणं धरलं, एकाने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती ओढत म्हणायची. गेलनने प्रार्थना सांगितली. भावंडांतला हा दुसरा, चर्चमध्ये वडीलधारा मानला जाणारा, आणि दुसऱ्याच्या संसारात उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत. मग फडकी उघडली गेली: घेवड्याचं कालवण, मक्याच्या पावाचे तुकडे, तळलेली कोंबडी, मसाला भरलेली अंडी. व्हर्लीने सुक्या सफरचंदांचा केक आणला होता, सहा पातळ थरांचा, दोन दिवस आधी करून मुरवलेला. असा केक या खोऱ्यात आता तिच्याशिवाय कुणाला जमत नव्हता.

कुणी त्याला हात लावला नाही.

डेल्फिया बघत होती. माणसं ताट घेऊन रांगेने यायची, केकपाशी आली की हात आखडायची आणि पुढच्या गोडाकडे वळायची. व्हर्ली बाकाच्या टोकाला बसली होती आणि तिच्या शेजारी तीन माणसांची जागा मोकळी होती. महिनाभर असंच चाललं होतं. कुणी तोंडावर काही म्हणत नव्हतं, पण अधिकाऱ्याला कुणी सांगितलं याचं उत्तर घरोघर ठरून गेलं होतं. ज्याच्या गोळ्यांनी मुलगा गेला त्या भावाशी जी बाई नऊ वर्षं बोलली नाही, तिच्याशिवाय दुसरं कोण सांगणार?

डेल्फिया ताट घेऊन आली. तिनेही केक घेतला नाही.

"आता मला समजेल असं सांग," ओर्फा काकू म्हणाली. ईसो काकाची ही बायको, ऐंशीला टेकलेली, नव्या कबरीकडे तोंड करून खुर्ची टाकून बसली होती. "ती वकील ट्रेंटबाई काय म्हणते? माझ्या नवऱ्याच्या खड्ड्यापायी पोरगं आत गेलंय. मला त्याला काहीतरी सांगावं लागेल."

"काकाला?"

"मग कुणाला? रोज विचारतो तो."

डेल्फियाने ताट खाली ठेवलं. वकीलबाईंनी फोनवर दोनदा समजावलं होतं आणि तिने ते शाळेच्या जेवणाच्या यादीमागे लिहून घेतलं होतं. "डेन्व्हरने नदी ओलांडलीच नाही, असं अपिलात म्हणायचं नाहीये. ओलांडली, ते त्याने कबूल केलंय. म्हणायचं एवढंच, की जज्जने शिक्षेचं जे कारण दिलं ते कारण चालत नाही. सुटकेच्या अटी मोडल्या तर माणूस पुढे ताळ्यावर कसा राहील, लोकांना त्याचा त्रास कसा होणार नाही, ते बघून शिक्षा द्यायची. जुन्या गुन्ह्याचा वचपा त्यात काढायचा नाही. त्याची शिक्षा एकदा झालेली असते. आणि जज्ज म्हणाले…"

ती थांबली.

"म्हण की," व्हर्ली बाकाच्या टोकावरून म्हणाली. "अख्ख्या खोऱ्याने म्हणून झालंय. तू म्हटलंस तर काय आभाळ कोसळेल?"

"जज्ज म्हणाले, एकोणीस वर्षांचा एक मुलगा मेला, टोबी नाव त्याचं, आणि त्याच्या मरणाची पुरती शिक्षा तुला अजून झालेली नाही." डेल्फियाने हे खाली बघत सांगितलं. "ट्रेंटबाईंनी तिथल्या तिथे हरकत नोंदवली. अपील त्याच्यावर उभं आहे."

"आणि जिंकलो तर?" गेलन म्हणाला. "सुटतो?"

"नाही. परत त्याच जज्जपुढे, शिक्षा नव्याने ठरवायला. निकालाला वर्षभर लागेल."

"वर्षभर!" गेलनने कोंबडीचं हाड ताटात टाकलं. "म्हणजे तोवर निम्मी भोगून झाली. आणि मग ज्याला चिडवलं त्याच्याच दारात जायचं. मी सांगतो, गप्प बसावं. दोन वर्षं म्हणता म्हणता जातात."

"तुझी जातील रे," ओर्फा काकू म्हणाली. "तू कोंबडी खात बसणार आहेस."

दोघंतिघं हसली. गेलनचे कान लाल झाले.

"पण सहीच होत नाहीये," डेल्फिया म्हणाली. हे आता सांगावंच लागणार होतं. "डेन्व्हर नाही म्हणतो. टोबीचं मरण मोजू नका असं मी कोर्टाला सांगायचं, आणि तेही टोबीच्या आईला न विचारता? व्हर्ली हो म्हणाली तर सही करीन, नाहीतर बसतो दोन वर्षं, असं म्हणतो. दोन वाजता फोन येणार आहे त्याचा."

सगळ्यांची तोंडं बाकाच्या टोकाकडे वळली. व्हर्ली मक्याच्या पावाचा तुकडा कुस्करत होती.

"हिला विचारायचं?" गेलन उभा राहिला. "ताई, तू तरी कमाल करतेस. जिने आत घातलं तिलाच विचारायचं, बाई, बाहेर काढू का? ज्याने त्या अधिकाऱ्याला फोन केला, त्याने काकाच्या मयतीचासुद्धा मान ठेवला नाही. अजून माती ओली होती. तुझं दुःख मला कळतं व्हर्ली, पण माणसाने सूड घ्यायला दिवस तरी बघावा."

व्हर्ली काही बोलली नाही. महिनाभर ती अशीच काही बोलली नव्हती. नाही म्हणाली नाही, रडली नाही, भांडली नाही. ती शांतपणे डेल्फियाकडे बघत होती आणि ते बघणं डेल्फियाला सोसवेना.

"मी सांगितलं," डेल्फिया म्हणाली.

"काय सांगितलंस?" गेलन अजून तावातच होता.

"अधिकाऱ्याला. मी सांगितलं."

काकूने कुरकुरती खुर्ची तिच्याकडे वळवली.

"शाळेत फोन आला त्यांचा. डेन्व्हर घरी नाही, कुठे गेलाय विचारत होते. मी म्हटलं, जाणार कुठे, पलीकडे गेलाय, काकाची कबर खणायला. सकाळपासून खणतोय, खडक लागलाय." डेल्फियाचा आवाज फुटला. "मला अभिमान वाटत होता हो त्याचा! इतक्या वर्षांनी घरच्या कामाला उभा राहिला म्हणून. वाटलं, साहेबालाही बरं वाटेल ऐकून. मी तर त्यांना म्हटलं, संध्याकाळी जेवायलाच या, म्हणजे भेटेल."

ओर्फा काकूने हात कपाळाला लावला. "जेवायला बोलावलंस?"

"घेवडा आणि पाव आहे, असंही सांगितलं मी."

काकूच्या तोंडातून विचित्र आवाज निघाला. ती हसतेय की रडतेय ते कुणाला कळेना; ती दोन्ही करत होती. "ऐकलंस का ईसो," ती कबरीकडे बघून म्हणाली, "पोलिसाला जेवायला बोलावलं हिने. तुझ्याच घराण्यातली शोभते."

पण डेल्फियाला हसू येत नव्हतं. फोन खाली ठेवताक्षणी आपण काय केलं ते तिला कळलं होतं असं नाही. कळलं ते तीन दिवसांनी, डेन्व्हरला घेऊन गेले तेव्हा. आणि त्याच संध्याकाळी गेलन म्हणाला होता, हे व्हर्लीचं काम. तिने तोंड उघडलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता महिना गेला आणि बहिणीच्या शेजारची जागा रिकामी होत गेली. चूक पहिल्या दिवसाची नव्हती. पहिल्या दिवशी ती भोळेपणाने बोलली होती. पाप त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाचं होतं आणि ते तिने डोळे उघडे ठेवून केलं होतं.

"मला माहीत होतं," व्हर्ली म्हणाली.

"काय?"

"मी सांगितलं नव्हतं. मग उरलं कोण? खोटं बोलता न येणारं या घरात दुसरं आहे का कुणी?" तिने हातावरचा चुरा झटकला. "तू कधी बोलतेस ते बघत होते. आधी वाटलं आठवडा लागेल."

"व्हर्ली, मी…"

"आत्ता नको, ताई. आत्ता माफीबिफी मागू नकोस. मला झेपणार नाही."

गेलन खाली बसला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. तोंड उघडलं, मिटलं, आणि मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा काही न म्हणण्याचा शहाणपणा केला.

दोनला दहा कमी असताना डेल्फिया फोन घेऊन कुंपणाच्या कोपऱ्यात गेली. टेकडीवर तेवढ्याच जागी फोन लागतो, ईसो काकाची कबर आणि टोबीची कबर यांच्या मधे. व्हर्ली तिच्या मागोमाग आली. न बोलावता आली. बाकीची मंडळी जरा अंतर ठेवून, जेवणाची भांडी आवरतोय असं दाखवत उभी राहिली.

"त्याला नऊ वर्षांत एक शब्द बोलले नाही मी," व्हर्ली म्हणाली. "गोळ्या त्याने टोबीला दिल्या नव्हत्या, हे मला ठाऊक आहे. त्याने भलत्याला विकल्या, भलत्याने तिसऱ्याला, आणि तिसऱ्याकडून माझ्या पोराकडे आल्या. कागदावर ते सगळं नीट आहे. पण मला कागद काय करायचाय?"

"तू नाही म्हणालीस तरी कुणी तुला बोल लावणार नाही. मी लावू देणार नाही."

"तू?" व्हर्लीने एकच शब्द उच्चारला.

डेल्फियाने मान खाली घातली. तिला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

फोन वाजला. आधी यंत्रातली बाई बोलली, हा कॉल तुरुंगातून येतोय, बोलणं ध्वनिमुद्रित होतंय, पंधरा मिनिटं आहेत. मग भावाचा आवाज आला. "ताई? सगळे जमलेत का? कुणी गाणं धरलं होतं?"

डेल्फियाने उत्तर न देता फोन व्हर्लीच्या हातात दिला आणि तो मोठ्या आवाजावर लावला.

"मी आहे," व्हर्ली म्हणाली.

पलीकडे कुठेतरी लोखंडी दार आदळल्याचा आवाज आला.

"मिनिटं जातायत," व्हर्ली म्हणाली. "सही का करत नाहीस?"

"दोन वर्षं कमीच आहेत, व्हर्ली. जज्ज बोलले ते काही खोटं नव्हतं. नाही झाली पुरती."

"पुरती किती असते रे? तुला माहीत आहे? मला तर अजून कळलेलं नाही. त्या जज्जला कळलं का?" तिचा आवाज चढला. "माझ्या पोराचं नाव घेतलं त्यांनी भर कोर्टात. मला विचारलं होतं? तो कसा दिसायचा हे तरी माहीत आहे का त्यांना? चारचौघांत हसताना तोंडावर हात धरायचा तो, पुढचा दात तुटला होता म्हणून. हे माहीत आहे? काकाची कबर खणली म्हणून तुला आत टाकायचं, आणि ओझं कमी पडलं की वर माझा टोबी ठेवायचा. मी नाही ठेवू देणार. त्याचं मरण माझं आहे. ते मी कुणाला महिने मोजायला दिलेलं नाही."

डेल्फियाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने ते पुसलं नाही.

"व्हर्ली…" डेन्व्हर म्हणाला.

"थांब, माझं व्हायचंय. काकाला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी इथे आले होते. टोबीच्या कबरीवर नवी माती चढवलेली होती. खचलेली जागा भरून, थापून, दोन्ही बाजूंनी सारखी केलेली. कुणी केली ते कुणी कबूल करेना."

"काकाच्या खड्ड्यातली माती उरली होती," डेन्व्हर म्हणाला. "त्याची कबर खणायला मी नव्हतो. टोबीची. घरचे सगळे होते, मी आत होतो. तुला आवडणार नाही हे माहीत होतं, म्हणून बोललो नाही."

"माती नीट लावलीस. दगड मात्र वाकडाच ठेवलास."

"एकट्याला हलेना."

"लॉनी होता की."

"त्याला हात लावू दिला नाही मी."

व्हर्लीने डोळे मिटले. वाऱ्याने पिवळी प्लास्टिकची फुलं खडखडत होती. डेल्फिया दगडाकडे बघत होती. तो खरोखरच नदीच्या बाजूला कलला होता, आणि नऊ वर्षांत घरातल्या एवढ्या पुरुषांपैकी एकालाही तो सरळ करावासा वाटला नव्हता. गेलनलासुद्धा नाही.

"सही कर," व्हर्ली म्हणाली. "अपील जिंक नाहीतर हर, लवकर ये नाहीतर उशिरा ये, पण माझ्या पोराचं नाव त्या कागदातून काढून घे. आणि आलास की हा दगड सरळ करायचा. मी धरीन एका बाजूने."

"हो."

"आणि डेन्व्हर."

"हं?"

"या वेळी परवानगीचा कागद घेऊन ये. लेखी."

पलीकडून आवाज आला तो हुंदका होता. "करतो सही. ताईला सांग, ट्रेंटबाईंना उद्या…"

"उद्या सुटी आहे. मंगळवारी सकाळी आठला मीच फोन करते त्यांना. ताईवर सोपवलं तर ती जज्जला जेवायला बोलवायची."

डेन्व्हर रडता रडता हसला. यंत्रातली बाई मधे बोलली, एक मिनिट उरलंय. त्या मिनिटात दोघांपैकी कुणीही काही बोललं नाही, पण फोनही कुणी ठेवला नाही. मग तो आपोआप बंद झाला.

दोघी बहिणी उतरून फळ्यांपाशी आल्या. मंडळी बाजूला झाली. ओर्फा काकूने नजरेनेच विचारलं आणि डेल्फियाने मान हलवली, तशी काकू खुर्ची कबरीकडे आणखी सरकवून नवऱ्याला हळू आवाजात सांगायला लागली. गेलन टोपी हातात घेऊन उभा होता.

व्हर्लीने केकवर परत टाकलेलं फडकं काढलं. सहाच्या सहा थर अजून तसेच होते.

"मी त्याला माफ केलेलं नाही," ती सुरी शोधत म्हणाली. "तुलाही नाही, ताई. तुझं तर त्याहून जड आहे. त्याने अजाणता केलं, तू महिनाभर रोज केलंस."

"माहीत आहे."

"कधी करीन तेही सांगत नाही."

"नको सांगूस."

व्हर्लीने चांगला जाड तुकडा कापला, ताटलीत ठेवला आणि बहिणीपुढे धरला. "मग खा. दोन दिवस खपलेय मी त्याच्यावर."

डेल्फिया बाकाच्या टोकाला, त्या रिकाम्या जागेत बसली आणि सगळ्यांच्या देखत खायला लागली. दुसरा घास घेईपर्यंत गेलन ताटली घेऊन मागे येऊन उभा होता.

"तू थांब," व्हर्ली त्याला म्हणाली. "आधी त्या दगडाखाली पाचर मार. तो येईपर्यंत आणखी कलायला नको."

गेलनने ताटली खाली ठेवली आणि कुदळ आणायला गेला.